उघड्या दाराची उपासना

मुलांच्या मनात विश्वास कसा रुजवावा, हा प्रश्न ख्रिस्ती पालक आपल्या पाळकांना वारंवार विचारीत असतात. अलीकडे त्याला दुसरा एक प्रश्न जोडून येतो : आमच्या मुलांची वृत्ती आशावादी, सकारात्मक कशी राहील? परीक्षा, स्पर्धा, नोकरीची अनिश्चितता आणि चोवीस तास हातात असलेला मोबाइल यांमुळे मुलांची मने लवकर कोमेजतात, हे पालक रोज पाहतात. म्हणून या दोन्ही प्रश्नांना बहुधा एकच उत्तर दिले जाते : घरी रोज कौटुंबिक उपासना सुरू करा, मुलांना वचने पाठ करायला लावा, जेवणापूर्वी व निजण्यापूर्वी प्रार्थना म्हणायला शिकवा.

हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते देण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार व्हायला हवा. पहिली गोष्ट अधिकाराची. ज्या वयात मूल होय किंवा नाही म्हणू शकत नाही, त्या वयात त्याच्या मनाला श्रद्धेचे वळण लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसरी गोष्ट हेतूची. मूल आनंदी व आत्मविश्वासपूर्ण राहावे म्हणून आपण त्याला प्रार्थना शिकवतो, की देव सत्य आहे म्हणून? हे दोन हेतू एकच आहेत असे समजण्यात मोठा धोका आहे, आणि तो धोका मुलांच्या वाट्याला येतो.

आपल्या घरांची स्थिती

जबलपुरात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. नागपूर आणि जबलपूर ही शहरे १८६१ पासून १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत एकाच प्रशासनाखाली होती. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात येऊन जुळला आणि १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. १९२३ पासून लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे देवज्ञानाचे विद्यार्थीही येथे येत राहिले. रेल्वे, कारखाने, शाळा, दवाखाने यांच्या निमित्ताने मराठी माणसे नर्मदेच्या काठी स्थायिक झाली. त्यांच्या नातवंडांची शाळा इंग्रजीतून चालते, रस्त्यावरची व बहुधा चर्चमधलीही भाषा हिंदी असते. मराठी उरते ती आजीच्या ओव्यांत, स्वयंपाकघरात आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत.

अशा घरात कौटुंबिक उपासना एकाच वेळी तीन कामे करते : ती भाषा टिकवते, नाती टिकवते आणि विश्वास देऊ पाहते. तिन्ही कामे इष्ट आहेत. पण कधीकधी पहिल्या दोघांच्या काळजीत तिसरे हरवते. मूल मराठीतून प्रभूची प्रार्थना अस्खलित म्हणते याचा पाहुण्यांपुढे अभिमान वाटतो. ती प्रार्थना ते कोणाला उद्देशून म्हणते, हे विचारायचे राहून जाते.

एक गंभीर आक्षेप

लहान मुलांना धर्म शिकवूच नये, हे मत नवे नाही. फ्रेंच विचारवंत रूसो याने १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात ते ठामपणे मांडले. मुलाला जे समजत नाही ते त्याच्याकडून वदवून घेतले, तर ते देवाविषयी खोट्या कल्पना बाळगील. म्हणून त्याची बुद्धी परिपक्व होईपर्यंत थांबावे, असे त्याचे म्हणणे होते. आजही अनेक सुशिक्षित पालक म्हणतात, मोठा झाला की तो स्वतःच निवडील.

या आक्षेपाला आपण ख्रिस्ती लोकांनी तर विशेष आदराने सामोरे गेले पाहिजे. कारण मराठी ख्रिस्ती मंडळीचा पायाच मुळी अशा माणसांनी घातला की ज्यांनी आपल्या घरचे नित्यविधी सोडले. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला, पंडिता रमाबाईंचा १८८३ साली, नारायण वामन टिळकांचा १८९५ साली. यांपैकी कोणाचाही विश्वास वारशाने आलेला नव्हता. प्रत्येकाने शोध घेतला, प्रश्न विचारले, आप्तांचा वियोग सोसला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मध्ये त्या वियोगाची किंमत किती होती हे वाचकांनी पाहिलेच आहे. ज्यांनी आईवडिलांच्या देवघरापासून दूर जाण्याचे धैर्य दाखवले त्यांचे आपण गोडवे गावे, आणि आपल्या मुलांनी मात्र आपल्या उपासनेपासून तसूभरही ढळू नये असा आग्रह धरावा, हे सुसंगत आहे काय?

प्रश्न अडचणीचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. त्याचे उत्तरही याच पूर्वजांच्या चरित्रांत सापडते असे मला वाटते.

पहाटेचा धडा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळाच्या रूढीविरुद्ध जाऊन आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. पुढे या लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला शिकवले. दिवसभर घरातल्या कामांचा व येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रगाडा असल्यामुळे त्यांना वेळ मिळे तो पहाटेचा. घर जागे होण्यापूर्वी त्या चिमुकल्या रमेला उठवीत, जवळ घेत आणि पाठ देत. या पहाटेच्या धड्यांतून हजारो श्लोक त्या मुलीच्या मुखी बसले. पुढे आईवडील दुष्काळात गेले, ती मुलगी भावासह देशभर अनवाणी फिरली, तिच्या श्रद्धेत मोठे परिवर्तन झाले. परंतु १८८७ साली तिने उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते अर्पण केले आपल्या आईच्या स्मृतीला.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आईने जे शिकवले त्यातील बरेच रमाबाईंनी पुढे स्वीकारले नाही. पण आईने ज्या रीतीने शिकवले ते त्यांच्यात कायम राहिले : पहाटे उठण्याची शिस्त, पवित्र ग्रंथाविषयी आदर, शब्दाचा अर्थ कळेपर्यंत त्याच्याशी झुंजण्याची तयारी, आणि ज्ञान हे प्रेमाने कुशीत घेऊन दिले जाते हा अनुभव. हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सुबोध मराठीत भाषांतर करण्याचे जे काम त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात हाती घेतले, ते १९२२ साली त्यांच्या मृत्यूच्या सुमारास पूर्ण झाले आणि १९२४ साली छापून प्रसिद्ध झाले. भाषांतराचे काम ज्यांनी थोडेफार केले आहे त्यांना ठाऊक आहे की अशा कामाला लागणारी चिकाटी पन्नाशीत अचानक उगवत नाही. तिची सुरुवात पहाटेच्या त्या धड्यांत झाली होती.

म्हणजे रूसोच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. ‘मोठा झाला की निवडील’ असे म्हणताना आपण गृहीत धरतो की तोपर्यंत मूल कोऱ्या पाटीसारखे राहील. तसे होत नाही. मराठीत आपण ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही वापरतो आणि स्वभावालाही. कोणी वळण लावले नाही म्हणून अक्षर वळणाशिवाय राहत नाही. ते वेडेवाकडे वळण घेते. आपल्या घरात उपासना नसली तरी नित्यविधी असतातच. ठरलेल्या वेळी दूरदर्शन संच लागतो. उशाशी मोबाइल ठेवून झोपणे आणि जागे होताच तो हाती घेणे हाही एक विधी आहे. परीक्षेच्या निकालानंतर शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना हा तर जवळजवळ संस्कारच आहे. हे विधी मुलाला रोज काहीतरी शिकवतात : तू किती विकत घेऊ शकतोस, किती जणांना आवडतोस, कितवा येतोस, यावर तुझी किंमत ठरते. सद्गुण सवयीने अंगी येतात, हे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सांगितले. दुर्गुणही सवयीनेच येतात, हेही त्याने सांगितले. तेव्हा मुलाला वळण लावावे की नाही, हा पर्याय आपल्यापुढे नाहीच. कोणते वळण आणि कशा रीतीने, एवढेच आपल्या हाती आहे.

दार उघडे ठेवणे

‘कशा रीतीने’ या प्रश्नावर रमाबाईंच्याच जीवनातील दुसरा प्रसंग प्रकाश टाकतो. त्यांची कन्या मनोरमा १८८१ साली जन्मली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहत असताना या चिमुकलीच्या धार्मिक शिक्षणावरून रमाबाई आणि त्या भगिनी यांच्यात मतभेद झाले. त्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. कोणते सिद्धांत, कोणत्या वयात, कोणाच्या अधिकाराने मुलाला शिकवावेत, हा त्यांच्या वादाचा गाभा होता. ज्या बाईने स्वतःची श्रद्धा तपासून घेतली होती, तिने आपल्या मुलीची श्रद्धा दुसऱ्यांच्या स्वाधीन सहजासहजी केली नाही.

भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे बहुतेक मुली हिंदू घरांतल्या, त्यांत बालविधवा पुष्कळ. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत. ही त्यांची कौटुंबिक उपासना. त्या वेळी त्या खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली दारातून डोकावू लागल्या, आत येऊन बसू लागल्या. यावरून मोठे वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

या प्रसंगाकडे आपण शंभरहून अधिक वर्षांनंतर पाहत आहोत, तेव्हा दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. टीकाकारांची काळजी अगदीच निराधार नव्हती. परक्यांच्या मुली विश्वासाने सोपवलेल्या होत्या. रमाबाई त्यांच्या अन्नदात्या व गुरू होत्या. ज्याच्यावर आपण सर्वस्वी अवलंबून असतो त्याच्या प्रार्थनेचे आकर्षण अवलंबिताला किती मुक्तपणे वाटू शकते, हा प्रश्न खराच आहे. दुसऱ्याच्या मुलांच्या बाबतीत आपण संयम पाळावा, हा धडा आपल्या शाळांनी व वसतिगृहांनी आजही विसरू नये. परंतु रमाबाईंचा पक्षही समजण्याजोगा आहे. आपली प्रार्थना लपवण्याजोगी आहे असे आपल्या मुलीला वाटू देण्यास त्या तयार नव्हत्या.

आणि येथेच आपल्याला हवे असलेले तत्त्व सापडते. त्या दाराकडे आजवर लोकांनी आत येण्याचे दार म्हणूनच पाहिले. पण उघडे दार दोन्ही बाजूंनी उघडे असते. त्यातून आत येता येते तसे बाहेरही जाता येते. मनोरमेला त्या खोलीतून अंगणात खेळणाऱ्या, वेगळ्या श्रद्धेच्या मुली रोज दिसत होत्या. तिची श्रद्धा बंद खोलीत वाढली नाही. ती पुढे आईच्या कार्यात तिची मोठी सहकारी झाली आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, प्रभूकडे गेली.

आपल्या घरातील उपासना अशी असावी. मुलाने तेथे बसावे असा आग्रह आईवडिलांनी जरूर धरावा, जसा दात घासण्याचा व शाळेत जाण्याचा धरतात. पण तेथे काय मानावे याची सक्ती करू नये. प्रश्नाला बंदी नसावी, शंकेला शिक्षा नसावी, शेजारच्या घरातील श्रद्धेची टवाळी नसावी. आणि जसजसे वय वाढेल तसतसा बसण्याचा आग्रहही निमंत्रणात बदलत जावा.

शास्त्र काय म्हणते

अनुवाद ६:७ मध्ये इस्राएलाला आज्ञा आहे की देवाची वचने मुलांच्या मनावर ठसवावी. तेथील हिब्रू क्रियापद पारंपरिक अर्थाने पाहिले तर धार लावण्याचे आहे. काही विद्वान त्याचा संबंध पुन्हा पुन्हा सांगण्याशी जोडतात. दोन्ही अर्थ एकमेकांना पूरक आहेत. पातीला धार एका घावाने येत नाही. दगडावर तीच पात पुष्कळ वेळा, हलक्या हाताने फिरवावी लागते. जोर फार लावला तर धार जाते. त्याच वचनात वेळाही सांगितल्या आहेत : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. या चारही वेळा रोजच्या आहेत. सणावाराची किंवा मंदिराची वाट पाहिलेली नाही.

त्याच अध्यायात पुढे विसाव्या वचनात आणखी महत्त्वाची गोष्ट आहे. उद्या तुझा मुलगा तुला विचारील की या विधींचा अर्थ काय, असे गृहीत धरलेले आहे. निर्गम १२:२६ मध्ये वल्हांडणाच्या संदर्भात तेच. यहोशवा ४:६ मध्ये यार्देनेच्या बारा धोंड्यांच्या संदर्भात तेच. शास्त्रात विधी हा मुलाच्या तोंडी प्रश्न यावा म्हणून नेमलेला दिसतो. यहुदी घरांत वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी घरातील सर्वांत लहान मूल आजही ठरलेले प्रश्न विचारते आणि मग मोठ्यांनी कथा सांगायची असते. ज्या उपासनेत मुलाने अनेक वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही, ती शास्त्राच्या कसोटीला अपुरी ठरते, मग तिथे कितीही वचने पाठ होवोत.

पौलाने कलस्सैकरांस पत्रात (३:२१) बापांना एक इशारा दिला आहे. मुलांना चिडवू नका, नाहीतर त्यांची उमेद खचेल, असा त्याचा आशय. मूळ ग्रीक शब्दात मनातील धग विझून जाण्याची कल्पना आहे. मुलांची सकारात्मक वृत्ती हवी म्हणणाऱ्या पालकांनी हे वचन आधी वाचावे. चांगला विचार कर, आनंदी राहा, असा उपदेश करण्यापूर्वी, आपल्याच बोलण्याने मुलाची ती धग विझत नाही ना, हे पाहणे अधिक गरजेचे आहे. उपासनेला बसलेल्या मुलाला दिवसभरातील चुकांची यादी प्रार्थनेच्या रूपाने ऐकवणे, हा देवाच्या नावाचा गैरवापर आहे.

आशावाद आणि आशा

आता दुसऱ्या, हेतूच्या प्रश्नाकडे वळू. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन पाळकाचे सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरील पुस्तक १९५२ साली निघाले, आणि तेव्हापासून ही विचारसरणी जगभर पसरली. तिच्यात उपयोगी गोष्टी आहेत. पण विश्वास म्हणजे सर्व काही चांगलेच होईल अशी मनाची धारणा, असे समीकरण मुलांच्या मनात बसले, तर पहिल्याच खऱ्या संकटात ते कोसळते.

जबलपूरकरांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. २२ मे १९९७ रोजी पहाटे चारच्या सुमारास या शहराची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता सुमारे ५.८ होती. तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरांना तडे गेले, आसपासच्या खेड्यांतील मातीची घरे कोसळली. त्याच्या चार वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर जिल्ह्यातील किल्लारी व परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली होती. दोन्ही वेळा रात्री निजताना कित्येक घरांत, आपापल्या श्रद्धेप्रमाणे, मुलांनी हात जोडले असतीलच.

अशा रात्रीनंतरच्या संध्याकाळी कौटुंबिक उपासनेत काय म्हणावे? पुष्कळ घरांतून सहज येणारे वाक्य असे : देवाने आपल्याला वाचवले, त्याचे आभार मानू या. वाक्य मनापासूनचे आहे. पण लहान मूल तर्कशुद्ध असते. ते विचारते, मग ज्यांचे घर पडले त्यांना देवाने का वाचवले नाही? ते प्रार्थना करीत नव्हते काय? या प्रश्नाला ‘असे विचारू नये’ हे उत्तर दिले, तर त्या दिवशी मूल दोन गोष्टी शिकते : देव आपल्या माणसांचा पक्षपाती आहे, आणि खरे प्रश्न उपासनेत आणायचे नसतात. पुढे कधी संकट आपल्या घरावर आले, तर पहिल्या धड्यावरून ते निष्कर्ष काढील की देवाने आपल्याला टाकले. आणि दुसऱ्या धड्यामुळे ते कोणाला सांगणारही नाही.

प्रभू येशूने हा प्रश्न टाळला नाही. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते, हा समज त्याने स्पष्ट नाकारला. कारण मात्र सांगितले नाही. वाचलेल्यांनाच स्वतःकडे पाहण्यास सांगितले. तेव्हा त्या संध्याकाळी मुलाजवळ प्रामाणिकपणे असे म्हणता येईल : आपण जिवंत आहोत याबद्दल आभार मानू, जे गेले ते वाईट नव्हते, असे का झाले ते आम्हांला ठाऊक नाही, तेही देवाचेच आहेत, आणि उद्या सकाळी आपण त्यांच्याकडे काय घेऊन जायचे ते आता ठरवू. या प्रार्थनेत आभार आहेत, अज्ञानाची कबुली आहे आणि शेजाऱ्याचे नाव आहे. अशी प्रार्थना मुलाला आशावादी बनवील की नाही, सांगता येत नाही. खोटी आशा मात्र ती देणार नाही.

विश्वासाला हिब्रूत ‘एमूना’ हा शब्द आहे. निर्गम १७:१२ मध्ये तो एका शारीरिक गोष्टीसाठी आला आहे. मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन व हूर यांनी ते दोन बाजूंनी धरून ठेवले, आणि सूर्यास्तापर्यंत ते हात स्थिर राहिले. हे स्थिर राहणे म्हणजे एमूना. येथे मोशेच्या मनःस्थितीविषयी काहीच सांगितलेले नाही. तो उत्साही होता की निराश, कोणास ठाऊक. त्याच्यातील बळ संपले होते एवढे निश्चित. स्थिरता आली ती इतरांच्या हातांमुळे. भाषांतर करताना या वचनापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे, आणि कौटुंबिक उपासनेची याहून चांगली व्याख्या मला सुचलेली नाही. घरात एकाचा विश्वास थकतो त्या दिवशी दुसऱ्याने त्याचा हात धरायचा. बहुधा मोठे माणूस लहानाचा धरते. कधी नोकरी गेलेल्या बापाचा हात, नेहमीची प्रार्थना आपल्या बोबड्या बोलांनी म्हणणारे मूलही धरते.

स्तोत्रसंहिता हे इस्राएलाचे उपासना-पुस्तक. त्यात विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. देवाच्या लोकांना रडण्यासाठीही शब्द दिले गेले, आणि ते उपासनेतच दिले गेले. आपल्या मुलांना आपण बहुधा आनंदाची गाणीच शिकवतो. त्यांना तेराव्या स्तोत्रासारखे, किती काळ असे विचारणारे, एखादे स्तोत्रही शिकवावे. ज्याला देवापुढे रडण्याची सवय आहे त्याला पुढे एकट्याने रडावे लागत नाही. मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी आज जी चिंता व्यक्त होते, तिच्या संदर्भात हे फार मोलाचे आहे.

दररोजची भाकर

प्रत्यक्ष व्यवहारात हे कसे आणावे? कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या, मुलांच्या शिकवण्यांनी वेळापत्रक भरून गेलेल्या घरांना तासाभराची उपासना झेपणारी नाही, आणि तिची गरजही नाही. रानात इस्राएलांस मान्ना एका दिवसापुरताच मिळे. साठवलेला नासे (निर्गम १६). प्रभूनेही आपल्याला एका दिवसाचीच भाकर मागायला शिकवले. उपासनाही एका दिवसाला पुरेल एवढी असावी. दहा मिनिटे पुरेत, पण ती रोज असावीत. पाळी रात्रीची असेल तर सकाळी बसावे. वेळ बदलली तरी चालेल, भेट चुकू नये.

त्या दहा मिनिटांत काय असावे? शास्त्रातील छोटा भाग, शक्य तर एखादी कथा, मुलानेच वाचलेली. त्यानंतर उपदेशाऐवजी थोडी शांतता आणि एक प्रश्न, जो मुलानेही विचारावा. दिवसातील एक गोष्ट आभाराची आणि एक दुःखाची, प्रत्येकाने सांगावी; दुःखाची गोष्ट कोणीही दुरुस्त करू नये. घराबाहेरच्या एका माणसाचे नाव प्रार्थनेत घ्यावे : दूधवाला, शाळेतील नवीन मुलगी, शेजारचे आजारी काका, ते कोणत्याही धर्माचे असोत. शेवटी प्रभूची प्रार्थना आजीच्या मराठीत म्हणावी. मुलाला हिंदीत सोपी वाटत असेल तर हिंदीत. देवाला दोन्ही भाषा कळतात, आणि भाकर व रोटी देणारा एकच आहे. मराठीचे प्रेम मुलाला लागावे, पण ते प्रभूच्या जागी बसू नये.

आणखी एक गोष्ट अवघड असली तरी सर्वांत परिणामकारक आहे. दिवसभरात आईवडिलांनी मुलावर अन्याय केला असेल, तर उपासनेपूर्वी त्यांनी मुलाची क्षमा मागावी. क्षमेविषयीची शंभर वचने मुलाच्या तोंडपाठ असली, तरी क्षमा मागणारा बाप त्याने पाहिला नसेल तर ती वचने त्याला परकीच राहतात. पौल तीमथ्याला लिहितो की तुझ्यातला निष्कपट विश्वास प्रथम तुझी आजी लोईस व आई युनीके यांच्यात होता (२ तीमथ्य १:५). त्याने त्यांच्या पाठांतराची आठवण दिली नाही. त्यांच्यात राहणाऱ्या विश्वासाची दिली.

एवढे सर्व करूनही मुले आपल्या मार्गाने जातील, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. नीतिसूत्रे २२:६ हे वचन पालक हमीपत्रासारखे वापरतात, आणि मूल दूर गेले की स्वतःला दोष देत बसतात. नीतिसूत्रे अनुभवाचे शहाणपण सांगतात, करार करीत नाहीत. त्या वचनात ‘शिक्षण दे’ यासाठी आलेले हिब्रू क्रियापद इतरत्र नव्या घराचे किंवा मंदिराचे समर्पण करण्यासाठी वापरलेले आहे. घर बांधून समर्पण केले की ते ज्याचे त्याच्या स्वाधीन होते. मुलाचेही तसेच आहे. त्याला आपण देवाच्या स्वाधीन करतो. आपल्या स्वाधीन ठेवीत नाही.

म्हणून अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : आपल्याला मुलाच्या निवडीवर अधिकार नाही, पण निवडण्याची पात्रता त्याच्यात यावी म्हणून स्वतःजवळचे उत्तम ते त्याला देण्याचे कर्तव्य आहे. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी पहाटे उठून ते केले, आणि त्यांच्या मुलीने वेगळी वाट धरली तरी आईचे ऋण ती कधी विसरली नाही. आपल्या घरातील एखादा तरुण आज उपासनेला बसत नसेल, तर त्याच्यावर रागावून दार लावून घेऊ नये. ठरलेल्या वेळी बाकीच्यांनी बसावे, त्याचे नाव घ्यावे, आणि त्याला ऐकू जाईल इतपत दार उघडे असू द्यावे. लूक १५ मधील बापाने मुलाला दूर असतानाच पाहिले, याचा अर्थ तो वाटेकडे पाहत होता. आपल्या प्रत्येक घराला अशी वाट पाहण्याची आणि रोज त्याच प्रार्थनेला नव्याने बसण्याची कृपा प्रभू देवो.